डिलीट झालं, म्हणजे नेमकं कुठे गेलं?

हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, एसएसडी, सीडी, फोन. डिलीटचं बटण सगळीकडे सारखंच, पण खाली घडतं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. कुठे गेलेली फाइल परत येते आणि कुठे देवही काही करू शकत नाही, याचा हा धरमतर खाडीकाठचा धडा.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता ऑफिसमध्ये दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, बॅग उचलून लिफ्टकडे पळणारी. दुसरी, डेस्कटॉपवरचा पसारा आवरत बसलेली. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर टू’, ‘फायनल’, ‘फायनल फायनल’, ‘बॉसने सांगितलेलं फायनल’... सिलेक्ट ऑल, शिफ्ट-डिलीट, एंटर. हुश्श! स्क्रीन कशी चकाचक. आता वीकएंड सुरू.

पण मंडळी, ते सगळं गेलं म्हणजे नेमकं गेलं कुठे? घरातली रद्दी काढली की ती रद्दीवाल्याच्या तराजूत पडताना आपण डोळ्यांनी बघतो. फाइलचं तसं नाही. एक बटण दाबलं, नाव दिसेनासं झालं, आपण खूश. दिसत नाही म्हणजे नाही, असं आपण गृहीतच धरतो.

हे गृहीत कधी साफ चुकतं, तर कधी शंभर टक्के खरं ठरतं. खाली हार्ड डिस्क आहे की एसएसडी, मेमरी कार्ड आहे की फोन, यावर सगळं अवलंबून. काही ठिकाणी डिलीट केलेली फाइल महिनोन् महिने आत तशीच पडून असते. काही ठिकाणी ती चहाचा कप संपायच्या आत कायमची पुसली जाते. हा फरक पुस्तकात वाचायला सोपा वाटतो. मला तो यंदाच्या मे महिन्यात पेण तालुक्यातल्या माझ्या आजोळी, गणपतीच्या कारखान्यात बसून नीट कळला. ती गोष्ट सांगतेच. त्याआधी थोडं बेसिक.

नाव उडालं, घर जागेवर

सुरुवात रिसायकल बिनपासून. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर ती आपल्या डेस्कटॉपवर आली. तिथे टाकलेली फाइल डिलीट होतच नाही, ती फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते. कचऱ्याचा डबा घरातच आहे, एवढंच. मात्र विंडोजवर पेन ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती सहसा या डब्यात येत नाही, थेट दाराबाहेर. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि नको तेव्हा कळतं.

आता बिन रिकामी केली किंवा शिफ्ट-डिलीट मारलं, तर? साध्या, फिरत्या हार्ड डिस्कवर काय होतं ते समजून घ्यायला सातबाऱ्यासारखं उदाहरण नाही. हार्ड डिस्क म्हणजे एक गाव. फाइली म्हणजे गावातली घरं. आणि कुठलं घर कुठल्या जागेवर, कोणाच्या नावावर, याची एक नोंदवही असते. कॉम्प्युटर फाइल शोधताना गावभर हिंडत नाही, आधी नोंदवही उघडतो. डिलीट म्हणजे काय, तर तलाठ्याने सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं आणि ‘जागा मोकळी’ असा शेरा मारला. घर? घर जसंच्या तसं उभं. भिंती, कौलं, आतली भांडीकुंडी, सगळं.

उद्या त्या जागेवर दुसऱ्या कोणी बांधकाम केलं की जुनं घर पडणार. तोवर नाही.

असं का केलं असेल? वेळ वाचवायला. सिनेमाची फाइल कॉपी व्हायला काही मिनिटं लागतात, पण डिलीट एका क्षणात होते, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. कॉपी करताना अख्खं घर बांधावं लागतं. डिलीट करताना फक्त शेरा मारायचा असतो.

डॉसच्या जमान्यात तर ही गंमत उघड दिसायची. फॅट नावाच्या पद्धतीत फाइल डिलीट केली की तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक ठरावीक खूण टाकली जाई. पीटर नॉर्टनने १९८२ साली याच फटीचा फायदा घेऊन गेलेली फाइल परत आणणारा प्रोग्राम विकायला काढला आणि तो तुफान चालला. १९९१ साली एमएस-डॉस ५ मध्ये ‘अनडिलीट’ ही कमांडच आली. ती फाइल परत आणायच्या आधी तुम्हालाच विचारायची, बाबा, नावाचं पहिलं अक्षर काय होतं? बाकी सगळं तिच्याकडे असायचंच! आज विंडोज वापरते त्या एनटीएफएस पद्धतीतही तत्त्व तेच, नोंदवहीत ‘वापरात नाही’ अशी खूण होते.

‘पण मी तर फॉरमॅट मारलाय’ म्हणून निर्धास्त असणाऱ्यांसाठी सूचना. क्विक फॉरमॅट म्हणजे फक्त नवी कोरी नोंदवही. गाव तसंच. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, पूर्ण फॉरमॅट मारला तर डिस्कवर सगळीकडे शून्यं लिहिली जातात. एक्सपीमध्ये तेवढंही होत नव्हतं.

आणि एकदा खरोखरच वरून दुसरं काही लिहिलं गेलं, की? १९९६ साली पीटर गटमन या संशोधकाने तेव्हाच्या वेगवेगळ्या डिस्कांचा विचार करून ३५ वेळा वरून लिहिण्याची एक पद्धत मांडली. तेव्हापासून ‘पस्तीस वेळा पुसा’ हा मंत्र लोक जपत बसलेत. आजच्या हार्ड डिस्कसाठी त्याची गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की साधारण कामासाठी एकदा नीट वरून लिहिलं तरी पुरे.

धरमतरचं कार्ड

अलिबागला वीकएंडला जाणाऱ्यांना धरमतर माहीत असतं, पण नावाने नाही. वडखळ नाक्यावर ट्रॅफिकला शिव्या घालून झाल्या की गाडी अलिबागच्या रस्त्याला लागते आणि अंबा नदीवरचा एक पूल येतो. तोच धरमतरचा पूल. खाली खाडी, काठाला तिवरं, आणि डोळवीच्या स्टील कारखान्याचा माल घेऊन भरतीबरोबर आत येणाऱ्या बार्ज. एकेकाळी मुंबईची माणसं बोटीने येऊन इथे उतरायची आणि पुढे कुलाबा जिल्ह्यात जायची. आता दोन मिनिटांत पूल मागे पडतो.

याच खाडीच्या पेणच्या बाजूला माझ्या मामाचं गाव. पेण, हमरापूर, जोहे हा सगळा पट्टा गणपतींचा. मामाचाही छोटा कारखाना आहे. पावसाळ्याआधीच्या दिवसांत तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. ओळीने मूर्ती, मधून एकच पायवाट, आणि सगळीकडे ओल्या रंगाचा वास.

आजोबा गेले त्याला दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत ते एकच काम करायचे, डोळ्यांची आखणी. मूर्ती कोणीही रंगवो, डोळे आजोबांचे. पेणमध्ये कोणालाही विचारा, आखणी करणाऱ्याचा हात हीच कारखान्याची खरी इस्टेट.

मामेभावाकडे एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. कारखान्यातल्या मूर्तींचे फोटो गेली कित्येक वर्षं त्याच कॅमेऱ्याने, त्याच मेमरी कार्डावर. गिऱ्हाइकाला दाखवायचे नमुने, साच्यांचे फोटो, रंगांचे नंबर. आणि मूर्तींच्या त्या गर्दीत आजोबांचा आखणी करतानाचा एक व्हिडिओ. त्यांचा तेवढाच.

एप्रिलमध्ये मामेबहिणीने लॅपटॉपवरची जागा करायला ते फोल्डर उडवलं. का, तर कार्डावर आहेच. पंधरा दिवसांनी मामेभावाने कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं. का, तर लॅपटॉपवर आहेच. नंतर त्याने नव्या ऑर्डरचे वीस-पंचवीस फोटो काढले आणि ते लॅपटॉपवर टाकायला गेला, तेव्हा दोघांना एकमेकांचा प्रताप कळला.

मला फोन आला तो मामीचा. ‘तू ऑफिसात कॉम्प्युटरवरच असतेस ना? आजोबांचं सगळं गेलं गं. कायतरी कर.’ मामा मागून एवढंच म्हणाला, ‘फोटो गेले तर गेले, परत काढू. तो व्हिडिओ तेवढा बघ.’

मी फोनवरच दोन गोष्टी सांगितल्या. कार्ड कॅमेऱ्यातून काढ आणि त्याच्या कडेची लॉकची पट्टी खाली कर. आणि लॅपटॉप बंद करून ठेव. शनिवारी सकाळी मी पेणच्या एसटीत होते.

खारं पाणी आत शिरायच्या आत

ही घाई कशासाठी, ते खारेपाटातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इथली भातशेती समुद्राकडून मागून घेतलेल्या जमिनीवर उभी आहे. मध्ये मातीचा बांध, अलीकडे भात, पलीकडे खाडी. बांधाला खांड पडली आणि भरतीचं पाणी आत शिरलं, की शेत खारावतं. पाणी ओहोटीला निघून जातं, पण मीठ राहतं आणि ते उतरायला पुढचे पावसाळे जावे लागतात. म्हणून खांड पडली की अख्खं गाव आधी बांध बांधायला धावतं. शेत कधी नांगरायचं ते नंतर.

डिलीट झालेल्या फाइलीचंही अगदी तेच. डिलीट म्हणजे फक्त खांड. खरा घात नवीन लिखाणाने होतो. एक फोटो काढला, एक गाणं टाकलं, की जुन्या फाइलीच्या जागेवर खारं पाणी आलं. म्हणून पहिला नियम, थांबा. त्या कार्डावर, त्या ड्राइव्हवर काही म्हणजे काही लिहू नका. फाइल परत आणणारा प्रोग्रामसुद्धा त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करायचा नाही. अनेक जण नेमकं तेच करतात आणि बांधायला निघालेल्या बांधावरच कुदळ घालतात.

मी आधी कार्डाची बिट-न्-बिट हुबेहूब नक्कल माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर, मूळ कार्ड मामीच्या देवघरात. मग फोटोरेक हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. एका फ्रेंच प्रोग्रामरने लिहिलेला हा प्रोग्राम नोंदवहीकडे बघतच नाही. तो गावात शिरतो आणि घर न् घर स्वतःच्या डोळ्यांनी बघत जातो. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते. ती ओळखीची चौकट दिसली की इथे फोटो सुरू झाला, असं समजून तो तिथून पुढचं उचलतो.

दीड तास लागला. मामी मधून मधून चहा घेऊन यायची आणि स्क्रीनवरचा वाढत जाणारा आकडा बघून ‘येतायत ना?’ विचारायची. येत होते. शेकड्यांनी. नावं नाहीत, तारखांचा क्रम नाही, सगळे एका ढिगात. पण गणपती गणपतीसारखे, अगदी स्वच्छ.

गेले ते सगळ्यात जुने. फॉरमॅटनंतर कॅमेऱ्याने लिहायला कार्डाच्या सुरुवातीपासून घेतलं होतं आणि सुरुवातीला होते पहिल्या वर्षांचे फोटो. नवे वीस-पंचवीस फोटो नेमके त्यांच्या डोक्यावर बसले.

आणि व्हिडिओ? तो मिळाला, पण अर्धा. मोठी फाइल कार्डावर नेहमी सलग बसतेच असं नाही. मध्ये आधी काही डिलीट केलेलं असेल, तर मोकळ्या जागा बघून ती तुकड्या-तुकड्यांत ठेवली जाते. कुठल्या तुकड्यानंतर कुठला, हे नोंदवहीला माहीत असतं आणि नोंदवही तर फॉरमॅटमध्ये गेली. प्रोग्रामला पहिला तुकडा सापडला, पुढचा धागा तुटला. आजोबा चष्मा नाकावर घेतात, कुंचला रंगात बुडवतात, वाटीच्या कडेला निथळतात, उजव्या हाताला डाव्या हाताचा टेकू देतात. कुंचला डोळ्यापाशी येतो आणि चित्र थांबतं.

कारखान्यात कोणीच काही बोललं नाही. मामाने मला ते परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

एसएसडी: इथे घर खरंच पडतं

उरलेली आशा लॅपटॉपवर होती. लॅपटॉप नवा, आत एसएसडी. प्रोग्राम लावला आणि क्षणभर सगळ्यांचे चेहरे उजळले, कारण फोल्डरमधल्या फाइलींची नावं दिसत होती. व्हिडिओचं नावही. साइझ बरोबर, तारीख बरोबर. परत आणली, उघडली. आत नुसती शून्यं. पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत.

हार्ड डिस्कच्या बरोबर उलट. तिथे सातबाऱ्यावर नाव नाही आणि घर उभं. इथे सातबाऱ्यावर पुसट का होईना नाव आहे आणि घर जमीनदोस्त.

असं का? एसएसडीच्या आत फिरणारी तबकडी नसते, फ्लॅश मेमरीच्या चिप्स असतात. आणि फ्लॅशची एक खोड आहे. लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं लिहिता येत नाही, आधी ती पुसावी लागते. बरं, लिहिता येतं छोट्या पानाएवढं, पण पुसायचं तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉकच. मिठागरासारखं. नवं मीठ पिकवायचं तर कोपऱ्यातले दोन खडे उचलून चालत नाही, पूर्ण वाफा खरवडावा लागतो. ऐन वेळी खरवडत बसलं तर काम रेंगाळणार. म्हणून एसएसडीला आधीच कळायला हवं की कुठल्या फाइली आता नको आहेत.

हा निरोप देण्यासाठी ट्रिम नावाची कमांड आहे. विंडोजने ती २००९ साली विंडोज ७ मध्ये आणली. तुम्ही फाइल डिलीट केलीत की विंडोज एसएसडीला लगेच कळवते, ही जागा गेली. त्यानंतर ती जागा वाचायला गेलं की बहुतेक एसएसडी सरळ शून्यं दाखवतात. आतला कंट्रोलर सवडीने ब्लॉक खरवडून मोकळा करतो. म्हणजे तलाठ्याने शेरा मारला आणि त्याच वेळी बुलडोझरला फोन केला! अशा फाइली परत आणणं घरगुती प्रोग्रामला जमत नाहीच, पैसे घेऊन रिकव्हरी करणारेही बहुतेक वेळा हात वर करतात.

मग पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डातही फ्लॅशच असते, तिथे का नाही होत असं? कारण त्यांच्यापर्यंत हा ट्रिमचा निरोप सहसा पोचतच नाही. म्हणून पेणच्या कारखान्यातल्या कार्डावर फॉरमॅटनंतरही गणपती जागच्या जागी होते. आणि यूएसबीने बाहेरून जोडलेली एसएसडी? तिथे निरोप कधी पोचतो, कधी नाही. आतली सर्किट आणि फॉरमॅट कुठला, यावर ते ठरतं.

गंमत म्हणजे एसएसडीवर मुद्दाम एखादी फाइल पुसायला गेलात, तर तेही सोपं नाही. फ्लॅशचा प्रत्येक कण ठरावीक वेळाच पुसता येतो. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून कंट्रोलर दर वेळी नव्या जागेवर लिहितो. तुम्हाला वाटतं आपण जुन्या फाइलीवर शून्यं लिहिली. प्रत्यक्षात शून्यं भलतीकडे गेली आणि जुनी प्रत मागे तशीच राहिली. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोमधल्या संशोधकांनी चिप्स थेट वाचून हे दाखवून दिलं होतं. म्हणून एसएसडी पुसायची तर एकेक फाइल नाही, अख्खा ड्राइव्ह, आणि तोही त्याच्या स्वतःच्या ‘सिक्युअर इरेज’ कमांडने.

आंब्यावरची सीडी

जुने फोटो कार्डावरून गेले खरे, पण ‘ते स्टुडिओवाल्याने सीडीत भरून दिले होते की!’ असं मामेबहिणीला आठवलं. सीडी सापडलीही. मागच्या आंब्यावर, पाखरं हाकलायला दोरीने बांधलेली. गेली तीन वर्षं ती तिथे ऊन-पाऊस खात फिरत होती.

एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवरची फाइल खऱ्या अर्थाने डिलीट होतच नाही. लेझरने आतल्या रंगाच्या थरावर खुणा जाळलेल्या असतात. पुढच्या वेळी सीडी लिहिताना फाइल ‘काढली’, तरी नव्या यादीतून फक्त नाव गळतं, खुणा तशाच राहतात. पण या थराला ऊन मानवत नाही. आमची सीडी ड्राइव्हमध्ये घातली, ती दहा मिनिटं घरघरली आणि बाहेर आली. डिलीट न होता मेलेली फाइल ती हीच.

टेपची कहाणी आणखी वेगळी. अपोलो ११ चांद्रमोहिमेच्या मूळ डेटा टेप्स नासाने पुढे पुन्हा वापरायला घेतल्या आणि वरून लिहून त्या पुसल्या गेल्या, असा निष्कर्ष २००९ साली निघाला. माणूस चंद्रावर उतरतानाचं मूळ चित्रण त्यावर होतं! बाकीच्या प्रती होत्या म्हणून आज आपण ते बघतो. याच टेपने २०११ साली जीमेलला वाचवलं. फेब्रुवारीत एका बिघाडामुळे ०.०२ टक्के लोकांचे इनबॉक्स रिकामे झाले, तेव्हा गूगलने मेल परत आणले ते कपाटातल्या टेप्सवरून. कारण सॉफ्टवेअरमधली चूक टेपपर्यंत पोचत नाही.

आणि डिस्क फुटली, भिजली, जळली म्हणजे संपली, असंही नाही. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत तळमजल्यावरचे किती कॉम्प्युटर पाण्यात गेले, ते ज्यांनी बघितलं त्यांना आठवत असेल. भिजलेली हार्ड डिस्क लगेच चालू करून बघणं हाच तिचा खरा शेवट असतो. न चालवता जाणकाराकडे नेली तर आशा असते. २००३ च्या फेब्रुवारीत कल्पना चावला ज्यात होती ते कोलंबिया यान कोसळलं. त्यातली एक जळून काळी पडलेली हार्ड डिस्क जमिनीवर सापडली आणि तज्ज्ञांनी तिच्यातला सुमारे ९९ टक्के डेटा परत काढला.

खिशातला फोन

फोनवर आधी रिसायकल बिनसारखी सवलत असते. आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये फोटो साधारण ३० दिवस राहतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस. जीमेलचा ट्रॅश ३० दिवस. ही मुदत संपली की मात्र फोन एसएसडीपेक्षाही कडक.

कारण एन्क्रिप्शन. आयफोन आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासूनचे सगळे नवे फोन आतला डेटा कुलूपबंद करूनच ठेवतात. फॅक्टरी रीसेट मारला की फोन डेटा पुसत बसत नाही, किल्लीच नष्ट करतो. तिजोरी आहे, पण किल्ली कायमची खाडीत. विकण्याच्या दृष्टीने हे बेस्ट. पण एखाद्याने चिडून रीसेट मारला आणि बॅकअप नसेल, तर रडून उपयोग नाही.

आणखी एक गैरसमज. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर फोटो उडवला की तो टॅबवरून, लॅपटॉपवरून, क्लाउडवरून, सगळीकडून एकदम उडतो. आज्ञाधारक नोकरासारखा.

तुमचा जुना लॅपटॉप कोण वाचतंय?

आतापर्यंत आपण ‘हाय हाय, गेलं’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने बघितलं. आता उलट बाजू. तुम्ही लॅपटॉप बदललात, जुना विकलात. त्यावर पॅन कार्ड, फॉर्म १६, भाड्याचं अॅग्रीमेंट, एक्सबरोबरचे गोव्याचे फोटो. डिलीट केलंय की! कुठल्या डिस्कवर, हा प्रश्न आता तुम्हीच विचारा.

एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी सेकंडहँड बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ साली निष्कर्ष छापले. चालणाऱ्या १२९ पैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रं, आजारपणाचे कागद आणि क्रेडिट कार्डांचे नंबर. लॅमिंग्टन रोडवर जुनी डिस्क विकायला नेताना हा आकडा आठवा. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कंपन्यांकडून आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क लिहिला गेलाय. पण स्वतःच्या डिस्कवरची माहिती पुसायला कुठला कायदा येणार? ते आपल्यालाच करायचंय.

जाता जाता

*चुकून डिलीट झालं तर:* आधी बिन आणि क्लाउडचा ट्रॅश बघा. नसेल तर वापर ताबडतोब थांबवा. कार्ड काढा, लॉक करा. रिकव्हरीचा प्रोग्राम दुसऱ्या ड्राइव्हवर टाका आणि सापडलेलंही दुसरीकडेच सेव्ह करा. डिस्क खडखडत असेल तर प्रयोग नकोत, सरळ जाणकाराकडे न्या.

*विकायचं, द्यायचं असेल तर:* हार्ड डिस्क पूर्ण फॉरमॅट करा, क्विक नव्हे. एसएसडीवर कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरा. विंडोज रीसेट करताना ‘क्लीन ड्राइव्ह’चा पर्याय निवडा. आणि सगळ्यात सोपं, नवा लॅपटॉप घेतल्या दिवसापासून एन्क्रिप्शन चालू ठेवा.

*दोन्हीच्या आधी:* तीन-दोन-एक. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर.

ही ‘घराबाहेर’ची भानगड कशाला, असं वाटेल. १९९८ साली पिक्सारमध्ये एका चुकीच्या कमांडने ‘टॉय स्टोरी २’चा मोठा भाग उडाला. बॅकअप तपासले, तर तेही नीट नव्हते. सिनेमा वाचला, कारण घरून काम करणाऱ्या एका तंत्र दिग्दर्शिकेच्या कॉम्प्युटरवर त्याची एक प्रत होती. तंत्रज्ञान हरलं तिथे एका बाईचं बाळंतपण कामी आलं!

आमच्याकडेही शेवटी तसंच झालं. दर वर्षी मामाकडून मूर्ती मागवणारं न्यू जर्सीतलं एक मराठी कुटुंब आहे. मामेभावाला रविवारी रात्री आठवलं, त्यांना आजोबांचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. मेसेज टाकला, सकाळी उत्तर हजर. छोटा, दाबून बारीक केलेला, कडा फुटलेल्या, पण पूर्ण. कुंचला डोळ्यापाशी येतो, टेकतो, एका दमात पापणीची रेघ ओढतो आणि आजोबा मान मागे घेऊन बघतात. मामा म्हणाला, ‘हां. हाच.’ आणि उठून हात धुऊन कामाला लागला.

त्या व्हिडिओच्या आता तीन प्रती आहेत. एक पेणला, एक मुंबईत माझ्याकडे, एक न्यू जर्सीत. रिकव्हरीचं सगळं शास्त्र शिकून झाल्यावर माझं मत असं झालंय की गेलेली फाइल परत आणायची सगळ्यात भरवशाची जागा ना हार्ड डिस्क, ना क्लाउड. ती म्हणजे ज्यांना आपण ती कधीतरी प्रेमाने पाठवली होती, ती माणसं. तेव्हा या वीकएंडला डेस्कटॉप आवरायला बसलात, तर डिलीट दाबायच्या आधी एकदा ‘सेंड’ दाबा.